लंकेले निघालेली बाज

मावला, आदिलाबाद
होळीच्या आधीचा आठवडा

वडील साडभाऊ श्री. यशवंतराव यांना मावल्याहून चंपतरावाचा वाकून नमस्कार. आक्काले (म्हणजे सौ. बयनाबाईले) बी नमस्कार सांगा, ती घेत असन तर. नसन घेत तं उंबऱ्यावर ठेवून द्या, राग उतरला का उचलून घेईन. तुमचा गुडघा कसा हाय? निरगुडीच्या पाल्याचा शेक चालू ठेवजा, अन् डॉक्टरनं देल्लेल्या गोळ्या बी घेत जा, दोघांपैकी कोणाचा तरी गुण येईनच. म्हैस दूध कमी देत होती, ते सुधरलं का? तिच्यापुढं मोबाइलवर गाणे लावून पाहाचा तुमचा बेत होता, त्याचं काय झालं ते कळवा. इकडं मथुरा चांगली हाय, वांग्याले फळ चांगलं लागलं हाय, अन् मी कसा हाय ते पत्र वाचून तुमीच ठरवा.

आता मुद्द्यावर येतो. (मथुरा म्हणते, मी मुद्द्यावर येतो म्हटलं का समजाचं, अजून कोसभर बाकी हाय.) तुमच्या गावच्या करण किराणावाल्यानं मले मागच्या बाजाराच्या दिवशी आसिफाबादच्या चौकात पाह्यलं, अन् वांकिडीत येऊन सांगतलं का चंपतराव भाजीच्या गाडीत बाज, पाळणा, पाटा-वरवंटा, शेगडी अन् ज्वारीचं पोतं भरून एकटाच चालला होता, सोबत बायको नव्हती, अन् तोंड उतरलेलं होतं. त्यावरून आक्कानं जे समजाचं ते समजलं. मोठ्या बहिणीच्या हक्कानं तिनं मथुराले फोन करून इचारलं म्हणे, का तू त्याले घराबाहेर काढलं का तो आपणहून गेला. साडभाऊ, मथुराले मले काढाचं असतं तं तिनं बाज देऊन काढलं नसतं, ती बाज तिच्या आईची हाय. अन् तोंड उतरलेलं नव्हतं, उन्हात माझं तोंड तसंच दिसते. हे सारं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असते अन् तुमच्या ओट्यावर सारी वांकिडी बसलेली असते, म्हणून कागद घेतला. दुसरं म्हणजे, फाट्यावरून वांकिडी एवढी जवळ असून मी घरी आलो नाही, याचा बी आक्काले राग हाय. आलो असतो तं तिनं जेवल्याशिवाय सोडलं नसतं, जेवल्यावर तुमी सोडलं नसतं, अन् मले तं त्या दिवशी नदी गाठाची होती.

नदी काऊन, ते सांगतो. तुमाले मालूम हाय का आमची रंजीता लंकेत हाय. (रावणाच्या का, असं तुमच्या शेजाऱ्यानं लग्नात इचारलं होतं. तीच, दुसरी कुठं हाय.) जावई वैभव तिकडं जाफन्याले पवनचक्क्या उभाराच्या कामावर हाय. चैत्रात रंजीताचे दिवस भरतेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज, त्याच्यावर कोणाची दरखास्त चालत नाही. मथुरानं दिवाळीपासून डिंक जमवला, जुन्या लुगड्याची दुपटी शिवली, बाज नव्या सुतळीनं विणून घेतली. अन् तिकडच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं का पोरीनं आता प्रवास कराचा नाही, पलंगावरून उतराचं तेही कामापुरतं. हे आयकलं तशी मथुरा चुलीपुढं बसून राह्यली. भाकर करपली तरी तिले वास आला नाही. मंग उठली, तोंड धुतलं अन् म्हणे, लेक माहेरी येऊ शकत नाही तं माहेरच लेकीकडं जाईन.

आता माहेर म्हणजे काय, याचा मथुराचा हिशेब तुमी आयकून घ्या. माहेर म्हणजे ती बाज, कारण तिच्यावर मथुराची आई बाळंत झाली, मथुरा झाली, अन् आक्का बी झाली. (तिलेच इचारा, तुमचा संतोष त्याच बाजेवर झाला.) मंग बाजेखाली ठेवाची शेगडी, शेगडीत टाकाचे कोळसे (तिकडं कोळसे भेटत नसतीन, हे तिनं परस्पर ठरवलं), ओव्या-शेपेची धुरी, तीळ-खोबरं वाटाले पाटा-वरवंटा, भाकरीसाठी आपल्या वावरातली ज्वारी, लाडवाचे डबे अन् सागाचा पाळणा. वैभवनं फोनवर लय समजावलं का आई, इथं पलंग हाय, गॅस हाय, मिक्सर हाय, तुमी फक्त विमानात बसून या. मथुरानं फोन माझ्या हातात देल्ला अन् म्हणे, त्याले सांगा, मिक्सरवर माहेर होत नाही.

अन् इथं, साडभाऊ, माझं काम सुरू झालं. तोवर माझं कामच नव्हतं. मी सहज इचारलं होतं का आपण कधी निघाचं, तं मथुरा म्हणे, आपण म्हणजे कोण? बाळंतपणात पुरुषाचं काय काम, तुमी वांगे पाहा. गल्लीतल्या साऱ्या बायांनी मान हलवली. मी बी हलवली (सगळे हलवतेत तवा हलवा लागते), पण वांग्याकडं काही गेलो नाही. पोरगी माझी बी हाय. मंग ध्यानात आलं का बाज, पाळणा अन् पाटा काही पायानं चालत जाणार नाहीत. त्यांना गाडी पाह्यजे, गाडीले डायवर पाह्यजे, अन् आपला छोटा हत्ती (तीच भाजीची गाडी, जिचा मागचा फाळका दोरीनं बांधतो) माझ्याशिवाय कोणाच्या हातानं दुसरा गेअर घेत नाही. मी तसं सांगतलं तवा मथुरा लय वेळ गाडीकडं पाहत राह्यली, मंग माझ्याकडं पाह्यलं, अन् हो म्हणाली. त्या एका हो वर मी दोन देशांचा नक्शा काढला.

त्या दिवसापासून मी बसलो नाही. मोबाइलवर पाह्यलं का तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून लंकेले बोट जाते, सकाळी बसलं का दुपारी लंका, अन् उतरलं का जाफना जवळच. म्हणजे मावला, निर्मल, हैदराबाद, कर्नूल, तिथून खाली उतरत नागपट्टिणम, बोटीत गाडी चढवाची, तिकडं उतरवाची, अन् सरळ रंजीताच्या दारात हॉर्न वाजवाचा. बाजारात आलं घेऊन येणारे तमिळ डायवर शोधून काढले. त्यांना अर्ध्या हिंदीत अन् अर्ध्या हातवाऱ्यानं रस्ता, ढाबे, पोलीस, पंक्चर सारं इचारलं. एक म्हणे किनाऱ्यानं जा, दुसरा म्हणे आतून जा, तिसरा म्हणे काऊन जाता. मी रोज रस्ता बदलवे. पहाटे निघाचं का जेवून निघाचं, पाळणा उभा बांधाचा का आडवा. उभा बांधला तं वारा धरते, आडवा बांधला तं लाडवाचे डबे कुठं ठेवाचे. गाडी भरून पाहे, रिकामी करे, परत भरे. गिऱ्हाईक वांगे घ्याले येऊन उभं राहे अन् मी त्याले तिरुचिरापल्लीचं वळण समजावून सांगे. मथुरा म्हणे, जरा बसा, तुमाले पाहून मले चक्कर येते. मी बसे, अन् बसल्या बसल्या आठवे का जॅक पाहाचा राह्यला.

लंकेत गाडी कोणत्या बाजूनं चालवतेत (आपल्यासारखीच), डिझेल भेटते का, ज्वारी नेली तं कोणी अडवते का, सारं इचारून ठेवलं, दोघांचे पासपोर्ट बी काढून ठेवले. बोटीबद्दल मात्र इचारण्यासारखं काही वाटलं नाही. आपण प्राणहितेकडची माणसं. आपल्याकडं नाव म्हटली का तिच्यात माणूस चढते, बकरी चढते, फटफटी चढते, नवरदेव चढते, अन् लग्नसराईत दोन नावा जोडून वर फळ्या टाकल्या का जीप बी चढते. हे कोणी इचारत नाही, फक्त नावाड्याले हाक मारतेत. शंका एकच होती, का भरलेली गाडी नावेत डोलली तं पाळण्याचं काय होईन. म्हणून ठरवलं का आधी प्राणहितेवर तालीम कराची, अन् मंग समुद्राले हात घालाचा. तर करण किराणावाल्यानं मले पाह्यलं तो हा दिवस. मी बेज्जूरकडं निघालो होतो. (बेज्जूर आता दुसऱ्या जिल्ह्यात गेलं म्हणतेत, पण नदी तिथंच हाय.)

घाटावरच्या नावाड्याचं नाव मारोती. लंकेले जाचं अन् नावाड्याचं नाव मारोती, मी मनातल्या मनात हात जोडले. हा मारोती मात्र गंभीर माणूस. त्यानं बाज पाह्यली, पाळणा पाह्यला, पोतं पाह्यलं, अन् घर सोडलं का अन्ना, म्हणून इचारलं. मी म्हटलं, नाही, पलीकडं जाऊन लगेच परत याचं हाय. पलीकडं काय काम? काही नाही. मंग त्यानं जास्त चौकशी केली नाही, फक्त शेजारच्या नावाड्याकडं पाहून मान हलवली. दोन नावा जोडल्या, फळ्या टाकल्या, अन् छोटा हत्ती असा सुरेख चढला का मले रडूच आलं असतं, पण डायवरनं रडू नये.

पाणी कमी, मधे मधे रेती. अर्ध्या नदीत पोचलो अन् मले गाडीत बसवेना. उतरलो. या टोकाले जाऊन पाह्यलं का दोर ताणला हाय का, त्या टोकाले जाऊन पाह्यलं का फळी हलते का. मी इकडं गेलो का नाव इकडं झुके, तिकडं गेलो का तिकडं. वरवंटा गाडीतून घरंगळत मारोतीच्या पायाशी आला. त्यानं बांबू आडवा ठेवला अन् शांतपणे सांगतलं का अन्ना, एक तं तुमी या नावेत फिरा, नाही तं मी ती चालवतो, दोन्ही होत नाही. मी बसलो. परत उठलो. मंग त्यानं गाडीतली बाज काढली, फळ्यांवर मधोमध टाकली, मले तिच्यावर आडवं केलं, अन् ऊन लागू नये म्हणून माझाच पंचा माझ्या तोंडावरून ओढून देल्ला. (त्याच्या मनात वाईट काही नव्हतं.) नाव लगेच सरळ झाली. असा मी बाळंतिणीच्या बाजेवर उताणा पडून प्राणहिता पार झालो.

आता पलीकडून पाहणाऱ्याले काय दिसलं, ते तुमीच डोळ्यांपुढं आणा. पलीकडच्या घाटावर सोजरबाई नावाची म्हातारी दवाखान्यात नेलेल्या दिराची वाट पाहत बसली होती. तिनं बाज पाह्यली, पांढरा पंचा पाह्यला, अन् हंबरडा फोडला. बाकीच्या बायांनी तिच्या सुरात सूर मिळवला, एका माणसानं टोपी काढली. मले वाटलं, कोण गेलं बिचारं, म्हणून पाहाले मी उठून बसलो. साडभाऊ, त्यानंतर घाटावर सोजरबाई अन् मी दोघंच उरलो. ती पळाली नाही कारण तिचे पाय दुखत होते. (दीर बरा हाय, मागच्या नावेनं आला. तिनं त्याले बी शिव्या देल्ल्या अन् मले बी.)

राग शांत झाल्यावर तिनं पाळणा पाह्यला अन् बाळंतीण कुठं हाय म्हणून इचारलं. मी म्हटलं, लंकेत. तिनं मले पाणी देल्लं अन् सावलीत बसाले सांगतलं. मी तिले सारा बेत सांगतला, मावल्यापासून नागपट्टिणमपर्यंत, नागपट्टिणमपासून पोरीच्या दारापर्यंत. ती मन लावून आयकत होती, मधे मधे हूं म्हणत होती. शेवटी तिनं एकच इचारलं का त्या समुद्राच्या नावेवर गाडी चढवाले फळ्या त्यांच्या असतेत का आपण न्याच्या. प्रश्न रास्त होता. मी इतकं इचारलं अन् फळ्यांचं राह्यलंच. लगेच वैभवले फोन लावला. (पलीकडं टॉवर चांगला हाय.) म्हटलं, जावईबापू, फळ्या आपण आणाच्या का त्यांच्या असतेत?

वैभव गुणी पोरगा हाय, तो हसला नाही. हसला असता तं बरं झालं असतं. तो म्हणे, कसल्या फळ्या बाबा? मंग त्यानं हळूहळू सांगतलं का ती बोट फक्त माणसं नेते, अन् माणसामागं हातातली पिशवी-बॅग. गाडी नेत नाही. मी म्हटलं, छोटीच गाडी हाय. तो म्हणे, फटफटी बी नेत नाहीत बाबा. अन् बाज? बाज बी नाही. मंग म्हणे, पाळणा मी इथं घेऊन ठेवला हाय, तुमी काळजी करू नका, तुमी फक्त आईले विमानात बसवून द्या, मी घ्याले येतो. आईले, असं तो म्हटला. त्याचा काही दोष नाही, सारे तसंच म्हणतेत.

येताना मारोतीले मले आडवं करा लागलं नाही. मी बाजेच्या कडेले जो बसलो तो अलीकडचा काठ येतोवर उठलो नाही. त्यानं दोनदा वळून पाह्यलं, तब्येत ठीक हाय का म्हणून. वांकिडीचा फाटा आला, पण आक्कानं तोंड पाहून इचारलं असतं, अन् मले सांगता आलं नसतं, म्हणून सरळ पुढं आलो. (म्हणजे करण किराणावाल्यानं उतरलेलं तोंड पाह्यलं असन तं ते येतानाचं असन, जातानाचं नाही. वर मी उन्हाचं जे लिहिलं ते खोडून वाचा.)

घरी येऊन मथुराले सांगतलं. तिनं बाज भिंतीले उभी केली, डब्यातले लाडू पिशवीत भरले, घुटी उगाळाची सहाण दुपट्यात गुंडाळली, पिशवी उचलून पाह्यली अन् म्हणे, एवढं हातात नेता येते. विमान तं विमान. म्हणजे माहेर पिशवीत मावलं, साडभाऊ, फक्त डायवर उरला.

तर हकीकत अशी हाय. मी घर सोडलेलं नाही, मले कोणी काढलेलं नाही. हे आक्काले वाचून दाखवा, अन् करण किराणावाल्याले बी ओट्यावर बोलावून आयकवा. घरातल्या मोठ्यांपुढं माझी मान वाकलेली समजा, लहानांच्या डोक्यावर हात ठेवलेला समजा, अन् म्हशीले माझ्या नावानं एक पेंढी जास्त टाका.

तुमचा धाकटा साडभाऊ,
चंपतराव

ता. क. एक बारीकसं काम राह्यलं. आक्काचा शब्द मथुरा खाली पडू देत नाही, तुमाले मालूमच हाय. तर आक्कानं तिले फोन करून, दुसरं काही बोलता बोलता, सहज म्हणावं का परक्या मुलखात बाईमाणसानं एकटं जाऊ नये, सोबत पुरुषमाणूस असावा. कोणता, हे सांगाची गरज नाही, घरात एकच हाय. हे मी लिहिलं असं मात्र कळू देऊ नका. तुमालेच सुचलं म्हणा.

ता. क. दुसरा. आक्का इचारन, बाळंतपणात त्याचं काय काम. तिले सांगा, काही काम नाही. मले बी मालूम हाय का नाही. मी बाहेर बसीन, बाजार करीन, दुपटी वाळत घालीन. (हे दुपट्यांचं करणले आयकवू नका.) मले माझ्या पोरीले पाहाचं हाय, साडभाऊ. ती तिकडं पलंगावर पडून हाय. फोनवर हसून बोलते, अन् फोन ठेवला का मले वाटते आता रडत असन. माझा जीव इथं लागत नाही. वांग्यांचं काय, वांगे दरसाल येतेत.

ता. क. तिसरा. हे मधे काही दिवस गेल्यावर लिहून राह्यलो. पाकीट बंद केलं नव्हतं, पोस्टापर्यंत जाणंच होईना. नदीवरून आल्यापासून मी ओट्यावर बसलो तो बसलोच. कोणाले रस्ता इचारला नाही, गाडीले हात लावला नाही, गिऱ्हाइकाले वांगे मोजून देल्ले अन् एक शब्द बोललो नाही. आज सकाळी मथुरा जवळ येऊन उभी राह्यली अन् म्हणे, उठा, कपडे भरा. मी म्हटलं, कोणाचे? म्हणे, तुमचे. मी म्हटलं, पुरुषाचं तिथं काय काम? म्हणे, बाळंतीण मी पाहीन, पण रडणारं लेकरू खांद्यावर घेऊन हिंडाले पाय न थांबणारा माणूस पाह्यजे, रंजीता बी दुसऱ्या कोणाजवळ झोपत नव्हती. मंग भिंतीकडं तोंड करून म्हणे, अन् तुमी असे बसून राह्यले तं मले घरात भीती वाटते.

तर दोघं जाणार हाव. विमान तिनं रद्द केलं, माझ्यासोबत जाचं तं गाडी नागपट्टिणमच्या धक्क्यापर्यंत न्यावी अन् तिथून पिशव्या घेऊन बोटीत बसावं, असं तीच म्हणाली. मी आतापर्यंत दोनदा रस्ता बदलला हाय. म्हणून खरं काम आता हे: वरचे दोन ता. क. आक्काले वाचून दाखवू नका, अन् आमी येतोवर तुमी दोघं मावल्याले येऊन राहा, वांग्याले पाणी पाह्यजे. म्हशीले बी घेऊन या. अन् आक्कानं तरी बी इचारलंच का बाळंतपणात त्याचं काय काम, तं तिले सांगा, हाय म्हणे.